साथ, सोवळें आणि परका

गांवांत साथ शिरली म्हणजे माणसाच्या मनांत दोन विचार एकदमच उभे राहतात. पहिला आपल्या घरच्या माणसांचा. आणि दुसरा, हा रोग आणला कोणी, हा. पहिला विचार स्वाभाविक आहे व त्याबद्दल कोणास लाज वाटावयाचें कारण नाहीं. दुसराहि स्वाभाविकच आहे. परंतु त्याचें उत्तर शोधण्यासाठीं वैद्याकडे जाण्याची गरज सहसा कोणाला भासत नाहीं, कारण तें उत्तर आधींच तयार असतें. वेशीबाहेरून आलेला, वेगळी बोली बोलणारा, अंगावर प्रवासाची धूळ असलेला आणि येथें ज्याची बाजू घेणारें कोणी नाहीं असा जो कोणी असेल, त्यानेंच तो आणला! युरोपांत चौदाव्या शतकांत महामारी आली तेव्हां विहिरींत विष कालविल्याचा आळ ज्यू लोकांवर घेण्यांत आला. पोप सहावे क्लेमेंट यांनीं १३४८ सालीं आज्ञापत्रें काढून, ज्यू लोकहि त्याच रोगानें मरत आहेत, आणि जेथें ज्यूंची वस्तीच नाहीं तेथेंहि साथ आहेच, ही साधी गोष्ट ख्रिस्ती जनांच्या नजरेस आणून दिली. परंतु भ्यालेल्या माणसाला साधी गोष्टच समजत नाहीं. पुढच्याच वर्षीं स्ट्रासबूर्ग शहरांत शेंकडों ज्यूंना जिवंत जाळण्यांत आलें.

या जुन्या गोष्टीची आठवण करण्याचें कारण असें कीं, तींतला प्रश्न जुना झालेला नाहीं. साथीच्या दिवसांत दाराशीं आलेल्या परक्याचा आपल्यावर कांहीं हक्क उरतो काय, असा तो प्रश्न आहे. दया करावी कीं न करावी, असा तो नाहीं. दया ही ज्याच्या त्याच्या मनाच्या सवडीची बाब आहे, आणि साथींत मनाला सवड नसते. हक्क आहे किंवा नाहीं, एवढेंच विचारावयाचें आहे. आपल्या काळांत अमेरिकेंतील कॅथॉलिक मंडळींनीं या प्रश्नाला शब्दानें व कृतीनें जें उत्तर दिलें तें सर्वांना पटेलच असें नाहीं; पण तें विचार करण्यासारखें खास आहे. आणि त्या उत्तराच्या पाठीशीं पावणेदोनशें वर्षांपूर्वींचा एक अनुभव आहे, तोहि वाचकांपुढें ठेवण्यासारखा आहे.

२०२० सालच्या मार्च महिन्याच्या २० तारखेस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील रोगनियंत्रण खात्यानें एक हुकूम काढला. कोविडची साथ त्या वेळीं जगभर पसरत होती. १९४४ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यांतील एका कलमाचा या हुकमाला आधार होता, आणि तें कलम अमेरिकन कायदेसंग्रहाच्या बेचाळिसाव्या विभागांत असल्यामुळें तो ‘टायटल फॉर्टी-टू’ याच नांवानें प्रसिद्ध झाला. त्याचा मतलब असा कीं, मेक्सिको किंवा कॅनडा यांच्या सीमेवर योग्य कागदपत्रांवांचून येणाऱ्या माणसाला, तो जिवाच्या भीतीनें आश्रय मागत असला तरी, त्याचें म्हणणें ऐकून न घेतां तत्काळ परत घालवावें. आईबापांवांचून आलेलीं मुलेंहि प्रारंभीं या हुकमांतून सुटलीं नव्हतीं. पुढें न्यायालयाच्या मनाईमुळें आणि मग नव्या सरकारच्या धोरणामुळें तीं वगळण्यांत आलीं. हा हुकूम ११ मे २०२३ पर्यंत, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ चालू राहिला, आणि त्याच्या आधारें सुमारें २८ लक्ष वेळां माणसें परत घालविण्यांत आलीं. तींच माणसें पुनःपुन्हां येत आणि पुनःपुन्हां घालविलीं जात, तेव्हां माणसांची संख्या याहून कमी धरली पाहिजे. तरी आंकडा लहान होत नाहीं. हुकूम काढला ट्रम्प यांच्या सरकारनें आणि दोन वर्षांहून अधिक काळ चालविला बायडेन यांच्या सरकारनें. २०२२ सालीं त्या सरकारनें तो उठविण्याचें ठरविलें तेव्हां कांहीं संस्थानांनीं न्यायालयांत जाऊन तें अडविलें, हेंहि सांगितलें पाहिजे. बायडेन हे स्वतः कॅथॉलिक. तेव्हां हा एका पक्षाच्या दुष्टपणाचा किंवा एका धर्माच्या सुष्टपणाचा प्रश्न आहे, असें समजून कोणीं आपली सुटका करून घेऊं नये.

सीमेच्या आंत दुसराच प्रकार चालला होता. २७ मार्च २०२० च्या कायद्यानें अमेरिकन सरकारनें बहुतेक प्रौढ माणसांना प्रत्येकीं १२०० डॉलरपर्यंत मदत दिली. परंतु ज्यांच्याजवळ सामाजिक सुरक्षिततेचा नंबर नव्हता ते, कर भरीत असले तरी, अपात्र ठरले. इतकेंच नव्हे, तर अशा माणसाबरोबर एकत्र करपत्रक भरणारी त्याची नागरिक बायकोहि वगळली गेली. ही शेवटची गोष्ट त्या वर्षाच्या डिसेंबरांत दुरुस्त झाली. आणि अशाच परदेशी मजुरांपैकीं कित्येक त्या वेळीं शेतांत भाजी काढीत होते, मांसाच्या कारखान्यांत एकमेकांना चिकटून उभे राहून काम करीत होते. ते कारखाने चालू राहिले पाहिजेत, असें राष्ट्राध्यक्षांनीं २८ एप्रिल रोजीं फर्माविलें होतें. श्रम आवश्यक आणि श्रमणारा अनावश्यक, असा हा न्याय झाला!

या दोन्ही गोष्टींविरुद्ध अमेरिकेंतील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेनें आवाज उठविला. मदतीच्या कायद्यांत परदेशी कुटुंबांचा समावेश करावा आणि सीमेवर आश्रय मागण्याची वाट मोकळी करावी, असें तिचें म्हणणें होतें. पण परिषदेच्या पत्रकांपेक्षां सीमेवरच्या गांवांत जें घडत होतें तें अधिक बोलकें आहे. रिओ ग्रांदे नदीच्या एका कांठीं टेक्सस संस्थानांतील एल् पासो हें शहर आणि दुसऱ्या कांठीं मेक्सिकोंतील सिउदाद हुआरेझ. एल् पासो येथें ‘अनन्सिएशन हाउस’ नांवाचें आश्रयस्थान कॅथॉलिक स्वयंसेवकांनीं १९७८ सालीं सुरू केलें. नदी ओलांडून आलेल्या निराधारांना तेथें जेवण आणि अंथरूण मिळत आलें. तेथील बिशप मार्क साइट्झ यांनीं सीमेवरच्या हुकमाला उघडपणें विरोध केला. नदीपलीकडे हुआरेझमध्यें मे २०२० पासून एका हॉटेलांत निराळीच सोय करण्यांत आली. परत घालविलेल्या किंवा नव्यानें आलेल्या माणसांनीं चौदा दिवस तेथें राहावें, त्यांची तपासणी व्हावी, आणि मग त्यांना शहरांतल्या आश्रयस्थानांत घ्यावें, अशी ती योजना होती. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना आणि स्थानिक संस्था यांनीं मिळून ती चालविली, आणि तिचें स्पॅनिश नांव आपल्या भाषेंत सांगावयाचें तर ‘गाळणीचें हॉटेल’ असें होईल. टेक्ससच्याच दुसऱ्या टोंकाला मॅकॅलन येथें सिस्टर नॉर्मा पिमेंटेल यांनीं २०१४ सालापासून एक विश्रांतिगृह चालविलें होतें. २०२१ सालीं तेथें येणाऱ्यांची कोविडची तपासणी होई, आणि ज्यांना रोग झाल्याचें आढळे त्या कुटुंबांची हॉटेलांतून वेगळी व्यवस्था करण्यांत येई. ही ‘गाळणी’ वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

आतां पावणेदोनशें वर्षें मागें जाऊं. आयर्लंडांत १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर करपा पडला. लोक उपाशी मरूं लागले, आणि ज्यांना शक्य झालें ते मिळेल त्या जहाजांत बसून पश्चिमेस निघाले. कॅनडांतून इंग्लंडास इमारती लांकूड आणणारीं जहाजें परतीच्या खेपेस रिकामीं जाण्याऐवजीं माणसें भरून जाऊं लागलीं. १८४७ या एका सालीं क्वेबेकच्या वाटेनें सुमारें एक लक्ष माणसें निघालीं, आणि त्यांच्याबरोबर टायफसचा ताप निघाला. क्वेबेकच्या खालीं तीस मैलांवर सेंट लॉरेन्स नदींत ग्रोस ईल नांवाचें बेट आहे. १८३२ सालीं पटकीच्या भयानें तेथें क्वारंटाइनचें ठाणें उघडण्यांत आलें होतें. १८४७ मध्यें त्या बेटासमोर जहाजांची रांग लागली, आणि थोड्याशा रोग्यांची सोय असलेल्या ठाण्यावर हजारों रोगी येऊन पडले. पांच हजारांहून अधिक माणसें त्या बेटावर पुरलेलीं आहेत.

जे वांचले ते पुढें गेले आणि ताप त्यांच्याबरोबर माँट्रियलला गेला, टोरोंटोला गेला. माँट्रियलला नदीकांठीं लांकडी पडव्या उभारण्यांत आल्या. ‘ग्रे नन्स’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या भगिनी तेथें शुश्रूषेला गेल्या. त्यांतल्या सात जणी तापानें मेल्या. त्या आजारी पडल्या तेव्हां दुसऱ्या मठांतल्या भगिनी पुढें झाल्या, आणि ज्यांना मठाबाहेर पाऊल टाकण्याची मनाई होती त्यांची ती मनाई बिशप बूर्जे यांनीं उठविली. बिशपांना स्वतःला ताप आला, ते वांचले. टोरोंटोचे पहिले बिशप मायकेल पॉवर हे रोग्यांची सेवा करीत असतां ताप येऊन १ ऑक्टोबर १८४७ रोजीं मरण पावले. माँट्रियलचे नगराध्यक्ष जॉन मिल्स हे प्रॉटेस्टंट होते; तेहि पडव्यांत रोग्यांकडे जात असतां तापानें गेले. यावरून त्या वर्षीं धर्म कोणत्याहि एका पंथाच्या मालकीचा नव्हता, हें उघड होतें. आईबाप मेलेलीं शेंकडों मुलें मागें राहिलीं होतीं. धर्मगुरूंनीं फ्रेंच बोलणाऱ्या शेतकऱ्यांना हांक घातली, आणि त्यांनीं तीं मुलें घरीं नेलीं. कांहींनीं तीं कामाला हात हवेत म्हणून नेलीं असतील; कांहींनीं पोटच्या पोरांप्रमाणें वाढविलीं. क्वेबेकमध्यें फ्रेंच ही मातृभाषा असलेलीं आयरिश आडनांवाचीं घराणीं आजहि आहेत.

या हकीकतींतील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट पुढें कळली. टायफस दूषित हवेनें होतो, अशी त्या वेळीं वैद्यांचीहि समजूत होती. तो अंगावरच्या उवांमुळें पसरतो, हें चार्ल्स निकोल यानें १९०९ सालीं ट्यूनिस येथें दाखविलें, आणि त्याबद्दल त्याला १९२८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. म्हणजे रोग आयरिश माणसाच्या आयरिशपणांत नव्हता. ज्याला बदलावयास दुसरा सदरा नाहीं अशा माणसाच्या एकुलत्या एका सदऱ्यांत तो होता. दारिद्र्याचा रोग जातीच्या नांवावर मांडला गेला होता.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, हें सर्व हृदयंगम असलें तरी एकांगी आहे. १८४७ सालीं माँट्रियलच्या नागरिकांची भीति खोटी नव्हती. पाहुण्यांबरोबर आलेल्या तापानें यजमानहि मेले. क्वेबेकचे आर्चबिशप सिन्ये यांनीं स्वतःच त्या जून महिन्यांत आयर्लंडांतल्या बिशपांना पत्र लिहून, आपल्या लोकांना इकडे येण्यापासून परावृत्त करा, अशी विनंति केली होती. २०२१ च्या जुलैमध्यें मॅकॅलनजवळच्या एका गांवांत, रोगी परदेशी कुटुंबांना आपल्या गांवच्या हॉटेलांत आणून ठेवलें आणि आपल्याला कोणीं सांगितलेंहि नाहीं, अशी तक्रार झाली. ती तक्रार करणारे कांहीं राक्षस नव्हते. आणि सर्वांत बोंचणारा आक्षेप असा कीं, २०२० च्या वसंतांत या बिशपांनीं साथीच्या भयानें आपल्या देवळांचीं दारें लोकांना बंद केलीं होतीं. ज्यानें आपल्या देवळाचें दार लावून घेतलें त्यानें दुसऱ्याला राष्ट्राचें दार उघड म्हणून सांगावें, यांत विसंगति नाहीं काय?

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाहीं. आणि त्याला उत्तर द्यावयाचें तर तें धर्मग्रंथांतून न देतां तर्कानेंच दिलें पाहिजे. सुदैवानें या कामीं कॅथॉलिक नसलेल्या एका तत्त्वज्ञाची साक्ष उपयोगी पडते. कांट यानें १७९५ सालीं शाश्वत शांततेवर एक लहानसा निबंध लिहिला. त्यांत तो परक्याला पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क देत नाहीं. केवळ येऊन उभें राहण्याचा, शत्रु न समजला जाण्याचा हक्क देतो. यजमानानें त्याला परत पाठवावें, यालाहि त्याची ना नाहीं. मात्र एक अट आहे: परत पाठविल्यानें त्याचा नाश होतां कामा नये. कांटसारख्या रुक्ष माणसानें, भावनेला जवळ न येऊं देतां, जी कमींत कमी मर्यादा घातली ती ही. १९५१ च्या निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय करारांतहि तोच विचार आहे. ज्या भूमींत जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तेथें निर्वासिताला परत घालवूं नये, असें त्याचें तेहतिसावें कलम सांगतें. त्याला राष्ट्राच्या सुरक्षिततेचे व गंभीर गुन्ह्याचे अपवाद आहेत. रोगाचा अपवाद त्यांत नाहीं.

तेव्हां साथीच्या काळांतला कोणताहि निर्बंध तीन कसोट्यांवर घांसून पाहावा, असें मला वाटतें. रोग ज्यांना होऊं शकतो त्या सर्वांना तो सारखाच लागू आहे काय? त्याहून सौम्य उपायानें तेंच काम होण्यासारखें आहे काय? आणि ज्याच्यावर तो बजावला जातो, तो माणूस त्यानंतर कोठें जातो? देवळांचीं दारें बंद करण्याचा निर्बंध पहिल्या कसोटीला उतरतो, कारण तीं दारें बिशपालाहि बंद होतीं आणि भिकाऱ्यालाहि. तिसऱ्या कसोटीलाहि तो उतरतो, कारण देवळांतून परतलेला माणूस आपल्या घरीं जातो. आर्चबिशप सिन्ये यांचें पत्र आयर्लंडास गेलें होतें. बेटावर आलेल्या जहाजाला त्यांनीं परत फिरविलें नाहीं. ‘निघूं नका’ असें सांगणें वेगळें आणि बुडत्याचा हात काठावरून सोडविणें वेगळें. अमेरिकेचा हुकूम मात्र तिन्ही ठिकाणीं अडखळतो. ज्या पुलांवरून आश्रय मागणाऱ्याला परत फिरविलें जाई, त्याच पुलांवरून नागरिक, कायम वास्तव्याचा परवाना असलेले लोक आणि मालाच्या मोटारी यांची ये-जा चालूच होती; आणि विषाणु कांहीं पारपत्र पाहून अंगांत शिरत नाहीं. सौम्य उपाय होता, हें नदीपलीकडच्या गाळणीनें अमेरिकेहून गरीब असलेल्या देशांत दाखवून दिलें होतें. सार्वजनिक आरोग्याच्या अनेक तज्ज्ञांनींहि मे २०२० मध्यें पत्र लिहून, या हुकमाला आरोग्यशास्त्राचा आधार नाहीं, असें सांगितलें होतें. आणि तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर तर भयंकर आहे. परत घालविलेल्या वा अडवून ठेवलेल्या लोकांवर मेक्सिकोंत अपहरण, बलात्कार, मारहाण असे जे अत्याचार झाले, त्यांची मानवी हक्कांसाठीं काम करणाऱ्या ‘ह्यूमन राइट्स फर्स्ट’ या संस्थेनें केलेली नोंद दहा हजारांच्या वर गेली.

आरोग्यासाठीं घातलेला निर्बंध आणि आरोग्याच्या नांवानें घातलेला निर्बंध यांत जो फरक आहे, तो सांगण्यासाठीं दूर जावयास नको. आपल्या भाषेंत त्याला ‘सोवळें’ हा शब्द आहे. स्वच्छता सर्वांना सारखी लागू असते आणि तिचें कारण विचारलें तर सांगतां येतें. सोवळें कांहींना लागू असतें, कांहींना नसतें. आणि तें मोडलें जातें तें नेहमीं दुसऱ्याच्या स्पर्शानें, आपल्या स्वतःच्या कधींच नाहीं. अंगणांतून आलेला मालक पाय न धुतां माजघरांत चालतो, आणि स्नान करून आलेल्या गड्याला ओटीवरूनच पाणी ओततात; त्याला कोणी स्वच्छता म्हणत नाहीं. येशूच्या दृष्टांतांत लुटारूंनीं मारून टाकलेल्या प्रवाशाला पाहून एक याजक आणि एक लेवी रस्त्याच्या पलीकडून निघून गेले. ते असे कां गेले याचें एक स्पष्टीकरण असें देतात कीं, तो मेला असेल व प्रेताच्या स्पर्शानें आपल्याला विटाळ होईल अशी त्यांना धास्ती वाटली असावी. म्हणजे ते क्रूर नव्हते. नियम पाळणारे होते. जो शोमरोनी थांबला त्यानेंहि त्या जखमी माणसाला आपल्या घरीं नेलें नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. त्यानें त्याला सराईंत नेलें, पैसे भरले, आणि परत येईन तेव्हां हिशेब पुरा करीन, असें सांगितलें. हुआरेझचें हॉटेल ही तसलीच सराई होती. सावधगिरी आणि माणुसकी यांचा एकाच छपराखालीं संसार होऊं शकतो, एवढेंच त्या दृष्टांताचें म्हणणें असेल, तरी तें पुष्कळ आहे.

आणखी एक आक्षेप आहे आणि तो कॅथॉलिक परंपरेंतूनच निघालेला आहे. प्रेमालाहि क्रम असतो: आधीं कुटुंब, मग शेजारी, मग गांव, मग राष्ट्र, आणि शेवटीं उरलेलें जग. २०२५ च्या जानेवारींत अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स यांनीं हाच विचार मांडून परदेशी लोकांना घालवून देण्याच्या धोरणाचें समर्थन केलें; आणि १० फेब्रुवारी रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं अमेरिकेच्या बिशपांना पत्र लिहून, प्रेमाचा खरा क्रम त्या शोमरोन्याच्या दृष्टांतावर चिंतन केल्यानें समजतो, असें उत्तर दिलें. दोन महिन्यांनीं, २१ एप्रिल रोजीं, पोप वारले. या वादांत प्रेमाला क्रम आहे हें खोटें मानण्याचें कारण नाहीं. ज्याला सर्व जग सारखेंच प्रिय त्याला बहुधा कोणीच प्रिय नसतें. परंतु ज्या थॉमस अक्वायनसनें हा क्रम काटेकोरपणें मांडला, त्यानेंच पुढें असेंहि सांगितलें आहे कीं, कांहीं प्रसंगीं, बापाला तितकी नड नसेल तर, त्याच्या आधीं अत्यंत नडींत असलेल्या परक्याला मदत करावी. क्रम नात्याचा असतो तसा नडीचाहि असतो. घरांत मुलाला पडसें झालें आहे म्हणून ओटीवर घेरी येऊन पडलेल्या वाटसरूला पाणी न देणारा बाप मुलावर अधिक प्रेम करतो, असें कोणी म्हणणार नाहीं.

हें सर्व मी तटस्थपणें लिहीत आहें, असा कोणाचा समज झाला असेल तर तो दूर करणें माझें कर्तव्य आहे. २०२० सालच्या जून महिन्यांत मी राहतों त्या इमारतीच्या रहिवाशांची सभा भरली. गांवीं गेलेला रखवालदार परत येतों म्हणत होता. साथ संपेपर्यंत त्याला आवारांत घेऊं नये, असा ठराव झाला. त्याच पंधरवड्यांत एका शेजाऱ्यांचा मुलगा खास विमानानें परदेशांतून आला, सरकारी मुदत पुरी करून घरीं आला, आणखी सात दिवस आपल्या खोलींत राहिला, आणि आम्ही सर्वांनीं आळीपाळीनें त्याच्या दाराशीं डबे ठेवले. त्यांत गैर कांहीं नव्हतें. तसेंच करावयास पाहिजे होतें. पण रखवालदाराचीहि आवारांत खोली होती. तिचें दार लावून त्यालाहि सात दिवस राहतां आलें असतें, आणि डबाहि ठेवतां आला असता. एकाला गाळणी आणि दुसऱ्याला वेस, हें त्या वेळीं आमच्यापैकीं कोणाच्याहि ध्यानांत आलें नाहीं. त्या ठरावावर माझी सही आहे. तो माणूस मधले चार महिने कोठें राहिला आणि काय खाऊन राहिला, हें मीं त्याला अजूनहि विचारलेलें नाहीं.

त्याच्या आदल्याच महिन्यांत, ८ मे २०२० रोजीं, औरंगाबाद जिल्ह्यांत करमाडजवळ, पायीं आपल्या मुलखाला निघालेले सोळा मजूर रेल्वेच्या रुळांवर झोंपलेले असतांना मालगाडीखालीं सांपडून मेले. तें वाचून आम्ही सर्व हळहळलों होतों. हळहळ खरी होती आणि ठरावहि खरा होता. माणसाच्या मनांत या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं राहूं शकतात, हें मला तेव्हांपासून कळलें आहे. आणि म्हणून, पोप फ्रान्सिस यांनीं त्याच मे महिन्यांत स्थलांतरितांसंबंधींचा आपला वार्षिक संदेश देशांतल्या देशांतच उखडल्या गेलेल्या लोकांना उद्देशून लिहिला होता, हें मागाहून वाचनांत आलें तेव्हां तो फक्त दूरच्या कोणासाठीं आहे, असें मला म्हणवेना.

परक्याचा कैवार घेणें सोपें असतें, तो जोंवर दुसऱ्याच्या दाराशीं उभा आहे तोंवर. अमेरिकेंतहि सीमेपासून दूरच्या सुखवस्तु शहरांत बसून उदार भाषण करणारे पुष्कळ होते, आणि भार पडला तो सीमेवरच्या लहान, गरीब गांवांवर. त्या गांवांतल्या तक्रारीला उत्तर देण्याचा अधिकार भाषण करणाऱ्याला नाहीं. जी भगिनी रोगी कुटुंबाच्या खोलींत जेवण घेऊन गेली तिला आहे. १८४७ च्या त्या सात भगिनींनीं परक्यांच्या हक्काविषयीं एक ओळहि लिहून ठेवली नसेल. पण तो हक्क आहे, हें त्यांनीं सिद्ध केलें, कारण त्यांनीं तें देणें स्वतःच्या गांठीचें चुकतें केलें. साथ पुन्हां येईल. ती आली म्हणजे दार लावावें लागेल, तपासणी करावी लागेल, माणसांना कांहीं दिवस वेगळें ठेवावें लागेल. त्याला इलाज नाहीं. दार लावतांना बाहेर कोण राहिलें आणि तें कोठें जाईल, एवढें विचारून मग कडी घालावी. मीं तें विचारलें नव्हतें.